मला फक्त छत दिसायचं

मित्रांनो, तुम्ही आंघोळ करून बाहेर पडता, दिवा बंद करता आणि ती खोली विसरून जाता. खोली मात्र तिच्या जागी असते, आणि तुम्ही नसताना तिथे काय चाललं आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. अशाच एका खोलीत मी चार वर्षं पाठीवर पडून होतो. मी एक जुना टब आहे. कपडे भिजवायचा टब नव्हे. कोमट पाण्यात उभं राहून, तरंगून, फवाऱ्यांचा मार घेऊन दुखऱ्या अंगावर उपचार करता यावेत म्हणून मला घडवलं होतं. आता माझ्या काठापासून तळापर्यंत एक तडा गेला आहे आणि मला अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं आहे.

माझी गोष्ट ऐकताना एक प्रश्न मनात धरा. यात वाईट माणूस कोण होता? मी खूप शोधला, मला सापडला नाही. भीती वाटते ती त्याचीच.

माझी सुरुवात एका अपघाताने झाली. ज्या घरात मला बसवलं, त्या घरची ताई मोजणीचं काम करायची. रस्ता कुठून जाईल, चर किती खोल हवा, जमीन किती उतरती आहे, हे दुर्बीण लावून आणि मोजकाठी धरून ती सांगायची. एकदा ती चरात उतरली असताना चराची कड तिच्यावर ढासळली. कमरेची दोन ऑपरेशनं झाली. पाय होते, पण त्यांच्यात जोर नव्हता. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. पाण्यात शरीराचं वजन कमी भासतं. छातीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर जेमतेम एक तृतीयांश भार येतो. जमिनीवर जे पाय हार मानतात, ते पाण्यात प्रयत्न करू शकतात.

मग घरी एक डिझायनर बाई आल्या. शिंप्याने माप घ्यावं तसं त्यांनी ताईचं माप घेतलं. बसल्यावर गुडघा किती उंचीवर येतो, हात कुठवर पोचतो, पाय किती उचलला जातो. ताईचा पाय चौदा सेंटिमीटरपेक्षा वर जात नव्हता, म्हणून माझ्या चारही पायऱ्या तेवढ्याच उंचीच्या झाल्या. माझ्यात बारा फवारे बसवले. त्यांतला एकही तिच्या ऑपरेशनच्या व्रणावर येत नव्हता. कारखान्यात काचतंतू आणि राळेचे थर एकावर एक चढवून मला घट्ट केलं, आतून घासून अंड्याच्या टरफलासारखं गुळगुळीत केलं. साडेचार हजार लिटर पाणी माझ्यात मावायचं. मी कोणा दुसऱ्याच्या उपयोगाचा नव्हतो, आणि याचा मला अभिमान होता.

पण मित्रांनो, डिझायनर बाईंनी फक्त माझाच आराखडा केला नव्हता. त्यांनी हवेचाही केला होता. भिंतीत एक पंखा होता. तो खोलीतली आणि छतावरच्या पोकळीतली दमट हवा बाहेर ओढायचा. "हा चोवीस तास चालू राहिला पाहिजे, काका," असं त्यांनी ताईच्या बाबांना तीनदा बजावलं होतं. खाली दिसणारं छत हे खरं छत नव्हतं. खऱ्या स्लॅबपासून चोवीस सळयांनी टांगलेलं ते खोटं छत होतं. बाईंनी लिहून दिलं होतं की सळया जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या लोखंडाच्या हव्यात, आणि त्या तपासायला छतात एक झाकण हवं.

बाबा तीस वर्षं लेथच्या कारखान्यात फोरमन होते. धातू हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ताईला दिवसचे दिवस पाठीवर तरंगायचं होतं, तिच्या डोळ्यांसमोर तेच छत राहणार होतं, म्हणून त्यांनी त्या खोट्या छताच्या सिमेंटच्या पत्र्याखाली सागवानी पट्ट्या लावायला सांगितल्या. वजन तीनशे किलोच्या आसपास गेलं. सळया आल्या त्या दिवशी मिस्त्री आणि बाबा माझ्या काठावर बसले होते.

"या काय मळकट सळया," बाबा म्हणाले. "यांना वर्षात गंज चढेल."

"माझ्याकडे स्टेनलेसच्या आहेत," मिस्त्री म्हणाला. "आरशासारख्या. दाढी करा त्यांच्यात बघून."

"मग त्याच लाव. स्टील मला शिकवू नये कोणी."

"मॅडमना विचारू का?"

"चांगली वस्तू लावतोयस ना? मग विचारायचं काय? वाईट लावताना विचारावं."

दोघंही हसले. झाकणाची फट दिसायला नको म्हणून मिस्त्रीने तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून रंग मारला. छत अगदी देखणं झालं. मी वर पाहिलं आणि मलाही ते आवडलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. ताई चाकांच्या खुर्चीतून माझ्या काठावर यायची, पायऱ्यांवर बसत बसत खाली सरकायची आणि पाठीवर तरंगायची. आम्ही दोघंही एकाच बाजूला तोंड करून असायचो. ती सागवानी पट्ट्या मोजायची. "एकेचाळीस," ती म्हणायची. "कालही एकेचाळीसच होत्या. बरं झालं."

पंखा मात्र घरघर करायचा. त्याने ओढलेली गार हवा दाराच्या फटीतून आत यायची. पाण्याबाहेर आली की ताईच्या अंगावर काटा उभा राहायचा, दात वाजायचे. बाबांना ते बघवत नव्हतं. एके दिवशी त्यांनी पंखा बंद केला. त्याच्या जाळीवर थर्माकोलचा तुकडा इतका नेमका कापून बसवला की कारखान्यातल्या पोरांना दाखवावा.

"आता कशी ऊब धरते बघ खोली," ते म्हणाले.

"पण बाई म्हणाल्या होत्या—"

"बाईंना काय जातंय सांगायला? कुडकुडतेस तू."

ऊब खरंच धरली. त्या दिवसापासून ताई हसत बाहेर यायची. आणि त्याच दिवसापासून वर, त्या अंधाऱ्या पोकळीत, एक गोष्ट सुरू झाली.

ती समजावून सांगतो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून माझ्यात क्लोरीन टाकायचे. क्लोरीन घामाला आणि कातडीच्या कणांना भेटला की त्यातून एक नवा वायू तयार होतो. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास त्याचाच. लोक तो वास घेऊन म्हणतात, वा, किती स्वच्छ! खरं उलट आहे. नुसत्या स्वच्छ पाण्याला फारसा वास नसतो. तो वायू वाफेबरोबर वर जायचा. पंखा असता तर बाहेर पडला असता. आता तो छताच्या फटींतून पोकळीत शिरायचा, गार सळयांवर दवासारखा बसायचा, वाळायचा, पुन्हा बसायचा. माझे काठ रोज पुसले जायचे. सळया कोणीच पुसत नव्हतं. आणि प्रत्येक सळई ओझ्याने ताणलेली होती. साध्या लोखंडाला गंज चढतो तेव्हा ते तांबडं होऊन ओरडून सांगतं तरी. ताणलेलं स्टेनलेस अशा हवेत बाहेरून चमकत राहतं आणि आतून केसाएवढ्या भेगांनी चिरत जातं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त ऐकू यायचं. खोली रिकामी असताना, पाणी स्थिर असताना, वरून एकदा आवाज यायचा. टक्. मग आठवडाभर काही नाही. मग पुन्हा. टक्.

वर्षातून एकदा डिझायनर बाई तपासणीला यायच्या. त्यांची गाडी फाटकात दिसली की बाबा घाईघाईने थर्माकोल काढून पलंगाखाली सरकवायचे आणि पंखा सुरू करायचे. शाळेत साहेब येणार म्हणून वर्ग झाडावा, तसं. बाई पाणी तपासायच्या, पंप तपासायच्या. तिसऱ्या वर्षी त्या दारातच थांबल्या.

"वास येतोय, काका."

"क्लोरीनचा. पाणी स्वच्छ ठेवतो मी."

"पंखा चालू असतो ना?"

"हा काय, चालूच आहे."

बाईंनी वर पाहिलं. "ते झाकण कुठे गेलं? जरा वर बघते."

"आत्ता रंग खरवडायचा? पुढच्या खेपेला बघा की. चहा गार होतोय."

बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, या शिडी मागतील. मी अंगातलं सगळं पाणी एकवटून वाट पाहिली. पण त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. "पुढच्या खेपेला नक्की," त्या म्हणाल्या. त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला, आणि थोड्या वेळाने पंख्याचाही थांबला.

चौथ्या वर्षी ताई माझ्यात चालू लागली. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत सहा पावलं. मग हात न धरता चार. जमिनीवर चाकांची खुर्ची सुटून हातात काठी आली. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर अजून तीन महिन्यांत जमिनीवरसुद्धा काठी टाकता येईल. त्या दिवशी ताई पाण्यात तोंड बुडवून रडली. ते मला एकट्याला माहीत आहे.

त्याच आठवड्यात ती तरंगत असताना तिची नजर एका पट्टीवर थांबली. ती पट्ट्या मोजायची थांबली. दुसऱ्या दिवशी ती आपली जुनी मोजकाठी घेऊन आली. पाण्यात उभं राहून तिने ती माझ्या तळावर टेकवली आणि हळूहळू उंच करत छताला लावली. आधी कडेला, मग मधोमध. मग दोन्हीकडे पुन्हा एकदा.

"चार मिलिमीटर," ती पुटपुटली. मधलं छत कडेपेक्षा चार मिलिमीटर खाली आलं होतं.

मला वाटलं, सुटलो. ही आता हाक मारील. ही मोजणीवाली आहे, हिला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. पण ताईने काठी मिटली, भिंतीला उभी केली आणि सहा पावलं चालायला सुरुवात केली.

पुढच्या आठवड्यात सात मिलिमीटर झाले. त्यानंतर अकरा. दर वेळी ती आकडा हलकेच उच्चारायची, आणि दर वेळी व्यायाम पूर्ण करायची. ती मध्यातून चालणं टाळायची, एवढंच. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. छत उघडलं तर खोली बंद होणार, खोली बंद झाली तर पाय पुन्हा झोपणार, हे तिला ठाऊक होतं. तिला तीन महिने हवे होते. ती छताशी शर्यत लावून बसली होती. मी खाली पडून दोघांकडे पाहत होतो.

मग सुट्टीत चिऊ आली. चिऊ म्हणजे ताईच्या भावाची मुलगी, सहा वर्षांची, एक दात पडलेली. आल्या आल्या ती दोन्ही दंडांना फुगे बांधून माझ्या काठावर उभी राहिली. ताई तेव्हा पाण्यात होती, तळाशी, खालच्या पायरीला टेकून बसलेली.

"आत्या, मी येऊ? मी आत शू करत नाही. शपथ!"

"नाही, चिऊ."

"पाचच मिनिटं!"

"नाही म्हटलं ना."

चिऊने भोकाड पसरलं. बाबा आले. "अगं, येऊ दे की तिला. एवढा मोठा टब. चार चिऊ मावतील."

"नको, बाबा."

"का पण? तू रोज उतरतेस ना?"

ताईने वर पाहिलं. माझ्यातल्या पाण्यावर तिच्या श्वासाने लहान लहान वर्तुळं उठत होती. मग ती म्हणाली, "माझं गणित करून मी उतरते. तिचं मी करणार नाही."

"कसलं गणित?"

"मधलं छत पंधरा मिलिमीटर खाली आलंय."

बाबा हसले. "पाण्यातून बघतेस, सगळं वाकडंच दिसणार."

"मोजलंय मी."

"मोजण्यात चूक झाली असेल."

"माझ्या? बाबा, माझ्या मोजण्यात?"

बाबांचं हसू मावळलं. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"सहा आठवडे."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही कुलूप लावलं असतं."

बाबा गेले आणि शिडी घेऊन आले. ती त्यांनी माझ्या काठाजवळ भिंतीला लावली. चाकूने रंग चिरला, लांबी खरवडली, झाकण उचललं. आत हात घालून त्यांनी चाचपडत सगळ्यात जवळची सळई धरली. हात बाहेर आला तेव्हा त्यात वीतभर तुकडा होता. आरशासारखा चकचकीत. टोकाला मात्र वाळकी काडी मोडावी तसा तुटलेला. त्यांनी तो ओढून काढला नव्हता. नुसता धरला होता.

"हे होत नाही," ते म्हणाले. "स्टील असं होत नाही."

तेवढ्यात वरून आवाज आला. टक्. आणि लगेच दुसरा. मधल्या पट्टीतून भुशासारखी धूळ पाण्यावर पडली.

बाबा शिडीवरून कसे उतरले ते त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांनी चिऊला उचलून दाराबाहेर ठेवलं. "बाहेर अंगणात जा. पळ. मागे वळू नकोस." मग ते परत आत आले.

"बाबा, तुम्हीही जा. मी येते."

"तू चढ."

"तुम्ही इथे उभे राहून छत खाली यायचं थांबणार नाही."

"चढ म्हटलं ना!"

चार पायऱ्या, मित्रांनो. चौदा सेंटिमीटरची एकेक. ताईला त्या चढायला रोज चार मिनिटं लागायची, आणि घाईने तो वेळ कमी होत नव्हता. उजवा पाय उचलायचा, टेकायचा, वजन टाकायचं, थांबायचं, मग डावा ओढायचा. पाण्याबाहेर येणाऱ्या प्रत्येक इंचाबरोबर तिचं वजन तिला परत मिळत होतं. बाबांनी तिचे दोन्ही हात धरले होते, पण ओढलं तर ती पडली असती, म्हणून ते ओढत नव्हते. पहिली पायरी. टक्. दुसरी. बाबा ओठांतल्या ओठांत मोजत होते. तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा वाकला आणि ती बसली. वरची एक पट्टी एका बाजूने सुटली आणि लोंबकळत राहिली. ताईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती उठली. चौथी.

दार बंद झालं. ओल्या पावलांचा आवाज लांब गेला. मग मी आणि छत, दोघंच उरलो.

ते संध्याकाळी पडलं. आधी मध्य, मग सगळ्या कडा एकदम. तीनशे किलोंनी माझ्यातलं पाणी भिंतींवर उडवलं आणि सिमेंटच्या पत्र्याचा कोपरा माझ्या काठावर आदळला. जिथे ताई बसायची, बरोबर त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी डिझायनर बाई आणि मिस्त्री आले. ढिगाऱ्यात उभ्या राहून बाईंनी एक सळई उचलली आणि बराच वेळ पाहिली. "मी जस्ताच्या लिहिल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं त्याला," बाबा म्हणाले. मग त्यांनी पंख्याचंही सांगितलं, थर्माकोल पलंगाखाली लपवल्याचंही. ताईने आकडे सांगितले. बाईंनी मान खाली घातली. "मला त्या दिवशी वास आला होता. शिडी मागायला हवी होती मी."

मिस्त्री एवढा वेळ भिंतीजवळ उभा होता. त्याच्याकडे वळून बाईंनी विचारलं, "या सळया अजून कुठे लावल्यास?"

मिस्त्रीने बोटं मोजली. मग त्याने चार बोटं वर केली. "माझ्याकडून मी चांगलीच वस्तू लावली, मॅडम."

त्याच्याकडून नंबर घेऊन बाईंनी तिथेच फोन लावले. पहिल्या घरी उचलला. "खोलीत कोणी आहे का? बाहेर काढा. नंतर सांगते, आधी बाहेर काढा." दुसऱ्या घरी उचलला. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या गृहस्थांना सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. चौथ्या घरी घंटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. फोन कानाला तसाच धरून बाई दाराकडे निघाल्या, आणि मिस्त्री त्यांच्यामागे धावला.

पुढे मला अंगणात आणून ठेवलं. इथे बातम्या पोचत नाहीत. ताई पुन्हा कामावर जाते, काठी घेऊन. खोली बंद झाली आणि उपचाराशिवाय महिने गेले. पाय जे शिकले होते त्यातलं बरंच ते विसरले. काठी आता सुटणार नाही असं डॉक्टर म्हणतात. बाबा तिला फाटकापर्यंत सोडतात आणि परत येताना माझ्याकडे बघत नाहीत. चौथ्या घरात काय झालं हे माझ्यासमोर कोणी बोलत नाही.

मित्रांनो, म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. ते घर कुठलं, मला माहीत नाही. कदाचित तुमचं असेल, कदाचित शेजारचं. आत कोमट पाण्याची खोली असेल, डोळ्यांना झोंबणारा वास असेल आणि कोणीतरी मायेपोटी बंद केलेला पंखा असेल. तो पंखा सुरू करा. वरची चमक बघून थांबू नका, झाकण उघडायला लावा. ज्याला काही दिसलं असेल त्याने आजच बोलावं, पुढच्या खेपेला नाही. आणि हे वाचत असताना घरातला फोन वाजत असेल, तर पुस्तक खाली ठेवा आणि आधी तो उचला.